कुंभार्ली उतरताना

कऱ्हाडहून चिपळूणकडे जाणाऱ्याने कुंभार्ली घाट ऑक्टोबरात उतरावा. पाऊस सरलेला असतो, डोंगर मात्र अजून हिरवे असतात. या डोंगराचे खरे वैभव पोटात आहे. शिवसागराचे पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरते आणि जनित्रे फिरवते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट! आणि याच डोंगरावर आमच्या २० वर्षांच्या व्हॅनचा २१ वॉटचा एक दिवा लागेना.

दिवाळीच्या सुट्टीत गुहागरला निघालो होतो. अंधार पडला होता. एका वळणावर समोरून लांबलचक ट्रक आला. त्याला वळता येईना, म्हणून मी रिव्हर्स टाकला. मागे मिट्ट काळोख! ही बॅटरी घेऊन उतरली आणि गाडीच्या मागेच उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणू लागली. एका बाजूला दरी. क्लचवरचा पाय जरा निसटता तर? ते अर्धे मिनिट फार लांबले.

"दिवा लागल्याशिवाय मी पुढे येणार नाही," हिने पोफळीला बजावले.

तिथल्या मिस्त्रीने आधी चाकांना दगड लावले. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवली, रिव्हर्स टाकला. फ्यूज शाबूत, बल्ब शाबूत. पण होल्डरपर्यंत वीजच येत नव्हती. वाक्याचे पृथक्करण करावे तसा एकेक पद सोडवीत तो गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सवर एक छोटा स्विच असतो. रिव्हर्स पडला की आतला दांडा त्याची गोळी दाबतो आणि दिव्याकडे वीज जाते. त्याने स्विचच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना टेकवल्या.

"सर, मागे बघा!"

लख्ख उजेड! म्हणजे तारा ठीक, दोष स्विचचाच. तो काढून त्याने अंगठ्याने गोळी दाबून पाहिली. टेस्टरचा दिवा मिणमिणलासुद्धा नाही. आतले कॉन्टॅक्ट झिजले होते. डब्यातला नवा स्विच आला, तेल गळू नये म्हणून खाली तांब्याचा वॉशर बसला. काम अर्ध्या तासाचे.

हात पुसत तो हिला म्हणाला, "वहिनी, दिवा असला तरी गाडीच्या मागे उभं राहायचं नाही. बाजूला राहायचं, सरांना आरशात दिसेल असं."

हिने बॅटरी विझवली आणि गाडीत जाऊन बसली.