एंटरची मुखत्यारी

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या कचेऱ्यांभोवती टंकयंत्रे मांडून बसणाऱ्या अर्जनवीसांच्या शेजारी संगणक आले, आणि ते चालवणाऱ्या ऑपरेटरांच्या बोटांना जी शिस्त लागली ती फॉक्सप्रो या विदासंच प्रणालीची आणि टॅली या हिशेबाच्या प्रणालीची. तेथे एंटर दाबला की कर्सर पुढच्या रकान्यात सरकतो, आणि टॅली तर व्हाउचर पुरे झाल्यावर ते स्वीकारायचे ना, असे अदबीने विचारूनही घेते. तेच हात वेब फॉर्मवर येतात, नाव लिहून सवयीने एंटर दाबतात, आणि तालुका व मौजा कोरेच असताना अर्ज दाखल व्हायला निघतो.

यात ब्राउझरचा दोष नाही. एकच एकोळी रकाना असेल तर त्यातील एंटर ही पाठवणीची विनंती समजावी, असे १९९५ सालच्या एचटीएमएल २.० मध्येच नमूद आहे. पुढे नियम विस्तारला आणि संहितेच्या क्रमाने जे सबमिट बटण पहिले, तेच फॉर्मचे मुखत्यार ठरले, म्हणजे एंटर दाबला की तेच दाबले गेले असे धरतात. मुखत्यार निष्क्रिय केलेला असेल तर एंटर निष्फळ जातो. दुसऱ्या बटणाकडे अधिकार जात नाही. खरी गफलत होते ती अनेक टप्प्यांच्या फॉर्मात: ‘मागे’ हे बटण डावीकडे दिसावे म्हणून संहितेतही आधी लिहिले जाते, त्याचा प्रकार सांगायचा राहिला तर ते आपोआप सबमिट ठरते, आणि उमेदीने एंटर दाबणारा अर्जदार मागच्या पानावर जाऊन पडतो. ‘मागे’चा प्रकार साधे बटण असा लिहिला की हा तंटा मिटतो, इतका अल्प उपाय असूनही तो क्वचितच केलेला आढळतो.

याहून उद्वेगजनक म्हणजे एंटर सरसकट बंद करणारी मंडळी. माउस न वापरणाऱ्या माणसाचा हक्क त्यांनी कोणत्या अधिकाराने जप्त केला? शिवाय आपल्या संहितेतून कळींवर पाळत ठेवणाऱ्याला आणखी एक जबाबदारी येते: रोमन अक्षरांतून मराठी उमटवताना सुचवलेला शब्द पत्करण्यासाठी काही साधनांत एंटरच दाबतात, आणि शब्द अजून घडतो आहे की नाही हे न पाहता त्या एंटरवर अर्ज रवाना केला, तर अर्धे आडनाव दप्तरी दाखल होते.

सार्वजनिक फॉर्मात मी म्हणूनच प्रमाण नियम जसाच्या तसा ठेवतो. कचेरीच्या अंतर्गत नोंदणीत मात्र ऑपरेटरांनी मागितले तर एंटरने रकाना बदलू देतो. आणि नोंद पुसणाऱ्या ‘काढून टाका’ बटणाला वेगळा फॉर्म देतो, म्हणजे एंटरची मुखत्यारी चुकूनही त्याच्याकडे जात नाही.