तिसरे नाव

राइट बंधूंचे 12 सेकंदांचे पहिले उड्डाण आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. एकदा वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग ते विमान घरी कसे नेले?" आम्ही निरुत्तर झालो. ग्रंथ चाळले तेव्हा उमगले : 17 डिसेंबर 1903 रोजी चौथ्या उड्डाणानंतर सोसाट्याच्या वाऱ्याने ते उलथवले, मोडके भाग लाकडी खोक्यांत भरून डेटनला परत नेले गेले. सायकलच्या दुकानात सुमारे सहा आठवड्यांत त्याचे इंजिन घडविणाऱ्या चार्ली टेलर या कारागिराचे नावही आम्ही कधी उच्चारले नव्हते. राबणाऱ्या हातांना इतिहासाबाहेर ठेवण्याची रीत आपल्या समाजाने सोसली आहे. तीच आमच्या तासाला चालू होती. बाबासाहेबांच्या लेकरांपुढे उभे राहताना ती चूक बोचली. आता आम्ही फळ्यावर तीन नावे लिहितो.