एका नंबरावरचे घर

जुळे सोलापूर मुक्कामी चि. धाकटीस,

नोकरी सांभाळून घर चालवणाऱ्या आईसाठी स्मार्टफोन हे मुख्यतः वेळ आणि खेपा वाचवणारे साधन आहे. वीजबिलासाठी रांग नाही, शाळेच्या सूचनेसाठी डायरी उघडायची वाट पाहणे नाही, सिलिंडरसाठी एजन्सीत खेटे नाहीत. ही सोय खरी आहे आणि तशी नवीच आहे. यूपीआय ही पैसे देण्या-घेण्याची पद्धत ११ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेटचे दर कोसळले, आणि पुढच्या काही वर्षांत भाजीच्या हातगाडीवरसुद्धा क्यूआर कोड लटकू लागला. पण खेप वाचली म्हणून कामाची जबाबदारी वाटली जात नाही. ती आधी ज्याच्याकडे होती त्याच्याकडेच राहते, बहुतेक घरांत आईकडे. रविवारी बोलता बोलता तुझ्या तोंडून जे वाक्य निघाले, ‘आता फोन आहे ताई, मला कुणाची गरजच पडत नाही,’ ते ऐकून बरे वाटायला हवे होते. वाटली ती काळजी. म्हणून हे सविस्तर.

सोलापुरात या विषयाची सुरुवात पाण्यापासून होते. शहराला उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून लांबच्या जलवाहिनीने, टाकळीजवळ भीमेतून आणि हिप्परग्याच्या तलावातून पाणी मिळते. तरी नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांआड येते. वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की ठरलेली पाळीही पुढे सरकते. त्यामुळे गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पाणी सुटलं’ हा निरोप फार मोलाचा. तो कचेरीत बसलेल्या आईला लगेच कळतो. मात्र मोटार लावणे, पिण्याचे वेगळे भरून घेणे, हौद भरला की मोटार बंद करणे, ही कामे त्या वेळी घरात जो उभा असेल त्याचीच आहेत. ग्रुपमध्ये घरातून फक्त आईचाच नंबर असेल, तर निरोप आधी कचेरीत जातो आणि तिथून फोनने घरी परत येतो. मीटिंग चालू असली की तोही येत नाही. दत्त चौकातल्या आपल्या माहेरी आपली आई पुढच्या पाण्याची तारीख हौदाशेजारच्या भिंतीवर खडूने लिहीत असे. ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसे, आणि जो घरी असेल तो न सांगता भांडी मांडून ठेवी. पाण्याची खबर सगळ्या घराची असते, तशी ती आजही राहावी. तुझ्या सासूबाईंना या ग्रुपात घेतलेले नाही, हे बरोबर नाही.

त्यांना मराठी वाचायला जड जाते, हे कारण आता पुरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप पाठवायची सोय २०१३ पासून आहे. गूगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये बोललेले लिहून घेण्याच्या सोयीत मराठी, कन्नड आणि तेलुगू या भाषा आणल्या. घरात तेलुगू, शेजारी कन्नड आणि बाजारात मराठी अशा सोलापूरला याहून उपयोगी गोष्ट क्वचितच मिळाली असेल. दोन दुपारी जवळ बसून शिकवले की साठीच्या पुढचे माणूसही हे सहज करते.

शाळेचे निरोपही असेच एका नंबरावर साचतात. उद्या रंगीत कागद आणा, परवा अर्धा दिवस शाळा, फीची शेवटची तारीख. यातला कामाचा निरोप शुभेच्छांच्या ढिगाखाली जातो. उपाय साधा आहे: निरोप वाचताच त्यातली तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये घालणे, आणि ते कॅलेंडर दोन्ही पालकांच्या फोनवर दिसेल असे ठेवणे. लक्षात ठेवणे हेसुद्धा कामच आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची वाटणी कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. मुलांना शाळेतून आणणाऱ्या रिक्षाकाकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लाइव्ह लोकेशन’ घेता येते. ते पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास चालू ठेवता येते. तेही मुलांच्या आजोबांच्या फोनवर येणे जास्त उपयोगाचे, कारण फाटकापाशी मुलांना घ्यायला तेच उभे असतात.

लसीकरणाच्या तारखांना फोनची आठवण फार चांगली लागू पडते. जन्मानंतर लगेच, मग सहा, दहा आणि चौदा आठवडे, नऊ महिने, सोळा ते चोवीस महिने, अशा पहिल्या दोन वर्षांच्या तारखा सहसा चुकत नाहीत, कारण तेव्हा सगळ्या घराचे लक्ष बाळाकडे असते. पाचव्या-सहाव्या वर्षीचा त्रिगुणी लशीचा बूस्टर मात्र विस्मरणात जातो. लसीकरण कार्डाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये असावा आणि मूळ कार्ड कपाटात.

पैशांच्या कामात एक भेद नीट समजून घ्यायला हवा. काही कामे कुणाच्याही फोनवरून होतात, काही केवळ नोंदवलेल्या नंबरावरूनच. महावितरणचे बिल पहिल्या प्रकारातले: बारा अंकी ग्राहक क्रमांक माहीत असला की सोलापूरचे बिल पुण्यातूनही भरता येते. मुलांचे बाबा आठवडाभर पुण्यात असतात आणि शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने येतात, म्हणून बिले आईनेच भरायची, याला काही अर्थ नाही. वीज, शाळेची फी, घरपट्टी, विम्याचा हप्ता हे सगळे पुण्याच्या फोनवर जावे. अंतर पुसणारे यंत्र हातात असताना अंतराचे निमित्त कसे चालेल?

सिलिंडर दुसऱ्या प्रकारातला. नोंदणी ज्या नंबराची, संकेतांक त्याच नंबरावर येतो. सिलिंडर देणारा भरदुपारी दारात उभा राहून तो मागतो आणि आई तेव्हा कचेरीत असते. अशा कामांसाठी दिवसा घरी असणाऱ्या माणसाचा नंबर नोंदवणे शहाणपणाचे. भाजी-दुधाच्या किरकोळ खर्चासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ‘यूपीआय सर्कल’ आले आहे. त्यात खातेदार आपल्या खात्यातून पैसे देण्याची मुभा घरातल्या दुसऱ्या माणसाला देतो. महिन्याची मर्यादा घालता येते, किंवा प्रत्येक व्यवहाराला स्वतः मंजुरी देता येते. आजोबांना दर वेळी सुट्ट्या पैशांसाठी सुनेपुढे हात करावा लागू नये, एवढ्यासाठीसुद्धा ते करून घ्यावे.

कागदपत्रांबाबत गैरसमज पुष्कळ. आधार किंवा वाहन परवान्याचा फोनमधला फोटो म्हणजे मूळ कागद नव्हे. डिजीलॉकरमध्ये त्या त्या कार्यालयाकडून थेट उतरलेली प्रत मात्र २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते. शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला अशा कामांत याने बरीच धावपळ वाचते. पण तिथेही आत जाण्याची किल्ली म्हणजे आधारशी जोडलेल्या नंबरावर येणारा ओटीपी. आपल्या वडिलांच्या आजारपणात आपण सगळे अशाच एका किल्लीपाशी अडलो होतो.

घाईत असलेली आई हे फसवणूक करणाऱ्यांचे सोपे सावज असते, कारण ती एका हाताने कणीक मळत दुसऱ्या हाताने निरोप वाचत असते. ‘बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडू’ असा निरोप खासगी नंबरावरून आला तर तो खोटा समजावा. दंडाच्या पावतीच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली ‘एपीके’ फाइल उघडू नये. ती फोनमध्ये शिरून ओटीपी वाचू शकते. यूपीआयचा पिन पैसे देताना टाकायचा असतो, घेताना नव्हे. पैसे मिळण्यासाठी तो कुणी मागत असेल तर ती फसवणूकच. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही. तरीही फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेत गोठवण्याची शक्यता जास्त. हे सासूबाई आणि आजोबांनाही मोठ्याने वाचून दाखव. दुपारी फोन तेच उचलतात.

शेवटी फोन हरवण्याचा विचार. शाळा, बँक, गॅस, आधार, रिक्षा हे सगळे एकाच नंबरावर असलेल्या घरात फोन हरवला की एका दिवसात सगळे अडते. तो नंबर ज्याचा, तो माणूस आजारी पडला तरी तेच होते, आणि आई आजारी पडत नाही असे गृहीत धरायची आपल्या घराची सवय जुनी आहे. फोन गेल्यास आधी मोबाइल कंपनीला कळवून सिम बंद करावे, मग बँकेला सांगावे, पोलिसांत तक्रार द्यावी आणि मे २०२३ पासून सुरू असलेल्या ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर फोनचा आयएमईआय क्रमांक देऊन तो निकामी करून घ्यावा. हा पंधरा अंकी क्रमांक *#०६# दाबल्यावर दिसतो; हरवल्यावर तो दिसणार कुठून, म्हणून आजच उतरवून घ्यावा. वीजग्राहक क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक, शाळेचा, दवाखान्याचा आणि रिक्षाकाकांचा नंबर, बँकेचा मदत क्रमांक, मुलांचे रक्तगट, हे सारे एका वहीत लिहून ती वही स्वयंपाकघरात सगळ्यांच्या हाताशी ठेवावी. पिन आणि पासवर्ड तिच्यात लिहू नयेत.

पुण्याच्या फोनवर कोणकोणती कामे गेली ते शनिवारनंतर कळव. गॅसचा नंबर बदलायला एजन्सीत जाताना ग्राहक पुस्तिका आणि आधार बरोबर ने. धाकट्याचा पाच वर्षांचा बूस्टर झाला की नाही, हे कार्ड बघून सांग, आठवणीने नको.

तुझी,
ताई