हसरे शौर्य

परवा रविवारी दुपारी घरातील मंडळी जेवणानंतर आडवी झाली असताना मी व माझा नऊ वर्षांचा नातू असे दोघेच एक जुना इंग्रजी बोलपट पाहत बसलो होतो. वॉर्नर ब्रदर्सने १९३८ साली काढलेला 'दि ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हुड' हा तो बोलपट. मी तो प्रथम पाहिला, तेव्हा माझेही वय नातवाएवढेच होते. सकाळच्या खेळाला मला काकांनी नेले होते, आणि परतताना वाटेतील प्रत्येक दिव्याच्या खांबाशी मी छत्रीने द्वंद्वयुद्ध केले होते. छत्रीच्या दोन काड्या त्या रणात कामी आल्या. घरी वडिलांपुढे उभे राहताना मात्र माझ्यातला रॉबिन हुड कोठे पसार झाला, ते मला आजतागायत उमगलेले नाही!

त्यानंतर हा बोलपट मी किती वेळा पाहिला असेल, याची गणती नाही. त्याच्या काळचे कितीतरी गंभीर बोलपट आज पाहवत नाहीत. हा मात्र शिळा होत नाही. असे का व्हावे? कोणी त्यातील टेक्निकलरच्या रंगांचे गुण गातात, आणि ते रंग आहेतही तसेच डोळे निववणारे. पडद्यावरचे शेरवुडचे अरण्य वस्तुतः कॅलिफोर्नियातील चिको गावच्या उद्यानातले आहे, हे ठाऊक असूनही त्याच्या हिरवाईची मोहिनी कमी होत नाही. कोणी धनुर्विद्येचे कौतुक करतात. हॉवर्ड हिल हा नामांकित तिरंदाज खरेखुरे बाण सोडीत असे, आणि ते अंगावर घेणारी माणसे कपड्यांखाली पत्रा व लाकूड बांधून उभी राहत. अखेरचे द्वंद्व तर कोण विसरेल? लढता लढता रॉबिन आणि सर गाय दृष्टीआड होतात, आणि खांबावर केवळ त्यांच्या प्रचंड सावल्या झुंजताना दिसतात. यातील सर गाय, म्हणजे बेसिल रॅथबोन, हा प्रत्यक्षात एरॉल फ्लिनपेक्षा सरस तलवारबाज होता. परंतु १९३५ च्या 'कॅप्टन ब्लड'मध्ये काय किंवा येथे काय, कथेच्या सोयीसाठी बिचाऱ्याला फ्लिनच्या हातून मरावेच लागले!

हे सारे खरे असले, तरी मला वाटते, या बोलपटाचे मर्म नायकाच्या हसण्यात आहे. नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात प्रिन्स जॉनची मेजवानी रंगात आली आहे. राजाच्या हरणाची शिकार करणाऱ्याला देहान्ताची शिक्षा. आणि नेमके तसलेच मारलेले हरीण खांद्यावर टाकून रॉबिन एकटा आत येतो. ते जॉनच्या पुढ्यात आदळतो, खुर्ची ओढून निवांत जेवू लागतो, आणि तुमच्या जुलमाविरुद्ध मी बंड उभारणार, असे हसत हसत सांगून टाकतो. सभोवार शंभर तलवारी. पण याच्या हातातला घाससुद्धा थरथरत नाही.

नेमक्या याच जागी नातवाने विचारले, "आजोबा, याला भीती कशी वाटत नाही हो?"

"शूर आहे ना तो!" मी म्हणालो.

"मग तुम्ही कधी असं कुणाला तोंडावर सांगितलंत?"

मला एकाएकी खोकल्याची उबळ आली.

चाळीसएक वर्षांपूर्वी मी एका कचेरीत नोकरीला होतो. एके दिवशी तेथील एक महत्त्वाचा कागद गहाळ झाला. तो साहेबांनी स्वतःच्या बॅगेत ठेवलेला मी या डोळ्यांनी पाहिला होता. ठपका आला एका वयस्कर शिपायावर. साहेबांच्या खोलीत आम्ही पाचजण उभे होतो. "कोणाला काही सांगायचंय?" असे त्यांनी विचारले, तेव्हा त्या शिपायाने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो. त्याची वेतनवाढ रोखली गेली. माझ्या डोक्यावर घरभाडे होते, वडिलांचे आजारपण होते. ही सबब मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहे, आणि ती खोटीही नाही. परंतु दुसऱ्या दिवशी त्या माणसाने नित्याप्रमाणे माझ्या टेबलावर पाण्याचा पेला आणून ठेवला, तो मला अजून दिसतो.

त्यानंतर कित्येक वर्षे मी या बोलपटाच्या वाटेला गेलो नाही. रॉबिन मलाच हसतो आहे, असे वाटे. पुढे एकदा त्याच्या संगीताची हकीकत वाचण्यात आली. हे संगीत एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड या व्हिएन्नाच्या ज्यू संगीतकाराचे. त्याने प्रथम हे काम नाकारले होते. परंतु १९३८ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियावर हिटलरची छाया पडू लागली, आणि त्याने ते पत्करले. मार्चमध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. इकडे अमेरिकेत तो रॉबिनच्या विजयाचे सूर लिहीत होता, आणि तिकडे त्याचे आईवडील व थोरला मुलगा व्हिएन्नात अडकले होते. ती मंडळी वेळेवर निसटली. घर मात्र नाझींनी बळकावले. या बोलपटाने आपला जीव वाचवला, असे तो पुढे म्हणत असे.

ते वाचल्यावर रॉबिनवरचा माझा रुसवा गेला. त्या बेडर हास्याला साथ देणारे सूर एका भ्यालेल्या माणसाच्या हातचे आहेत! ज्याला भय म्हणजे काय ते पुरते कळले आहे, त्यालाच निर्भयतेचे स्वप्न इतक्या तन्मयतेने रंगवता येत असावे. आणि आम्ही भित्री माणसे पिढ्यान्‌पिढ्या ते स्वप्न पाहण्यास जातो, तेही यासाठीच की, पुढल्या खेपेस तरी नजर कॅलेंडरकडे वळू नये.

"नाही रे सांगितलं," मी नातवाला म्हणालो. "सांगायला हवं होतं. पण भ्यालो."

तो क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग काही न बोलता जरा जवळ सरकून बसला. पडद्यावर तलवारी खणखणू लागल्या होत्या.

संध्याकाळी फिरावयास निघालो, तो माझी छत्री जागेवर नव्हती. मी तिची चौकशी केली नाही.