पारनेर ते पॅरिस

पारनेर तालुका पर्जन्यछायेत येतो. सह्याद्री ओलांडलेला ढग इथवर येईतो बराचसा रिता झालेला असतो. खाली पसरलेले असतात मुरमाड माळ, कुसळं, बाजरीची वावरं आणि दूरवर दिसणारी एखादी बाभूळ. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरातल्या) याच पारनेरात १२ नोव्हेंबर १८८० रोजी पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म झाला. मुळशीच्या सत्याग्रहानंतर महाराष्ट्र त्यांना सेनापती म्हणू लागला. त्याच्या कितीतरी आधी, १९०४ मध्ये, डेक्कन कॉलेजातून पदवी घेतलेला हा तरुण मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला निघाला.

त्या काळी विलायतेची वाट मुंबई, एडन, तांबडा समुद्र, सुएझ आणि पोर्ट सैद अशी होती. मुंबईचा किनारा दिसेनासा झाला की पाच-सहा दिवस नुसतं पाणी. मग एडनचे काळे, बोडके डोंगर, आणि तांबड्या समुद्रातला जीव घाबरा करणारा उकाडा. १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा तेव्हा सुमारे १६० किलोमीटरचा. त्यात आगबोट इतकी हळू चालते की समुद्राचा प्रवास मध्येच वाळवंटाचा होऊन जातो. दोन्ही काठांना वाळू, तीवर उंटांची रांग, आणि संध्याकाळी सगळ्यावर उतरणारा तांबूस उजेड. पारनेरचा माळही उन्हाळ्यात असाच करपतो, पण मृगाच्या पहिल्या सरीने त्याच्यावर पोपटी झाक चढते. सुएझच्या वाळूला मृग नाही.

या बोटींवर हिंदी विद्यार्थ्यांचे घोळके असत. कोणी बॅरिस्टरीला, कोणी वैद्यकीला, कोणी आय. सी. एस.च्या परीक्षेला निघालेला. मुंबईच्या धक्क्यावर एकमेकांची भाषाही न जाणणारी ही मुलं एडन येईपर्यंत एका ताटात जेवू लागत. जून १९०६ मध्ये ‘पर्शिया’ बोटीने निघालेल्या विनायक दामोदर सावरकरांना हरनामसिंग हा पंजाबी सोबती असाच डेकवर भेटला. घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन तो मागे फिरायला निघाला होता. सावरकरांनी त्याची समजूत घातली. परक्या पाण्यावर माणसाला माणूस किती लवकर लागतो, हे अशा प्रसंगांतून कळतं.

बापटांची खरी मैत्री जमली ती मात्र जमिनीवर. एडिंबरोत त्यांनी इंग्रजी राज्यातल्या हिंदुस्थानच्या स्थितीवर परखड भाषण केलं आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. अशा वेळी आधार मिळाला तो श्यामजी कृष्णवर्मांच्या वर्तुळाचा. श्यामजी कच्छच्या मांडवीचे. पाठीशी रण आणि पुढ्यात समुद्र असलेलं हे बंदर, जिथे रुक्मावतीच्या काठावर लाकडी गलबतं बांधली जातात. लंडनच्या हायगेटमध्ये १९०५ साली त्यांनी उघडलेलं ‘इंडिया हाउस’ हे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. तिथे बापटांची सावरकरांशी गाठ पडली. पारनेर आणि भगूर ही शेजारशेजारच्या जिल्ह्यांतली गावं, पण स्नेह जुळला तो थेम्सच्या शहरात.

तिथून बापट पॅरिसला गेले. बंगालमधल्या मेदिनीपूरचे हेमचंद्र दास (कानुनगो) मालमत्ता विकून बॉम्बविद्या शिकायला तिथे आले होते. मिर्झा अब्बासही होते. एका मराठी माणसाची, एका बंगाल्याची आणि एका मुसलमान तरुणाची ही गट्टी मायदेशी जमली असती की नाही, शंकाच आहे. परदेशात तिघेही आधी हिंदी ठरले. त्यांना शिकवणारा सफ्रान्स्की हा झारच्या राज्यातून परागंदा झालेला रशियन. त्याच्याकडून मिळालेल्या बॉम्बविद्येवरच्या रशियन पुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर झालं आणि त्याच्या प्रती निघाल्या. एडिंबरोत शिकायचं राहिलेलं इंजिनिअरिंग बापटांना या मित्रांनी वेगळ्या रूपात शिकवलं.

१९०८ मध्ये दोघे आपापल्या प्रांतांत परतले, हेमचंद्र बंगालमध्ये आणि बापट महाराष्ट्रात. त्याच वर्षी मे महिन्यात कलकत्त्याच्या माणिकतळ्यातल्या क्रांतिकारकांच्या बागेवर पोलिसांची धाड पडली. तिथे ती पुस्तिका सापडली. पुढल्या वर्षी नाशिकला सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांच्या घराच्या झडतीत टंकलिखित कागद मिळाले, तेव्हा ते त्याच मजकुराचे निघाले. कलकत्ता आणि नाशिक यांना जोडणारा धागा पॅरिसहून आला होता, हे सरकारला तेव्हा उमगलं. बापट तोवर भूमिगत झाले होते.