शिका गो!

“वकिलाकडे येते ती, न्हाव्याकडे पडतात ते.”

ओळखा पाहू. उत्तर म्हणजे एका ब्रॉडवे म्युझिकलचं नाव.

न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात हे कोडं मी पहिल्यांदा वाचून दाखवलं. भाड्याने घेतलेलं शाळेचं सभागृह, आरती झालेली, प्रसाद वाटून झालेला आणि जेवणाचे ट्रे अजून गाडीतून उतरायचे. अशा फटीत माझा कार्यक्रम बसवलेला असतो. वीस कोडी, वीस मिनिटं. प्रश्न मराठीत, उत्तर ब्रॉडवेवर. अट एकच: प्रत्येक संघात एक तरी माणूस भारतात वाढलेला हवा आणि एक तरी इथे जन्मलेला. माझं कोडं एका डोक्यात मावत नाही.

माझ्या मनातलं उत्तर होतं ‘हेअर’. वकिलाकडे येते ती केस, न्हाव्याकडे पडतात ते केस. १९६८ साली ब्रॉडवेवर आलेल्या, लांब केसांच्या हिप्पी पोरांच्या त्या म्युझिकलला मी मराठी लिंगभेदाच्या चिमटीत पकडलं म्हणून स्वतःवर खूश होते. तेवढ्यात तिसऱ्या टेबलावरच्या तेरा वर्षांच्या मुलीने हात वर केला आणि म्हणाली, “लीगली ब्लाँड!”

सभागृहात हशा पिकला आणि मी घामाघूम झाले. २००७ सालचं हे म्युझिकल सोनेरी केसांच्या एका मुलीचं आहे, आणि ती मुलगी हार्वर्डला वकिली शिकायला जाते. वकीलही आला, केसही आले. माझ्या उत्तरात वकील नुसता दाराशी आला होता. तिच्या उत्तरात तो घरात येऊन बसला होता. मीच परीक्षक, मीच आरोपी. पूर्ण गुण दिले आणि घरी जाऊन वही काढली. चूक सरळ होती: उत्तर किती शब्दांचं, ते मी सांगितलं नव्हतं. ‘एक शब्द’ एवढं लिहिलं असतं तर ‘लीगली ब्लाँड’ला दार बंद होतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कोड्यापुढे शब्दांची संख्या असते. शब्दकोडी रचणारे लोक हा आकडा सवयीने टाकतात असं मला वाटायचं. तो कुंपणाचा खांब आहे, हे त्या मुलीने शिकवलं.

हा नाद लागला टाइम्स स्क्वेअरच्या रांगेत. सत्तेचाळिसाव्या रस्त्याशी, लाल काचेच्या पायऱ्यांखाली टीकेटीएसची खिडकी आहे. त्याच दिवसाच्या खेळांची उरलेली तिकिटं तिथे कमी दरात मिळतात. मेट्रोपार्कहून गाडी पकडायची, पेन स्टेशनला उतरायचं, चालत वर यायचं आणि रांगेत उभं राहायचं. रांगेत करायला काही नसतं, म्हणून भोवतालच्या पाट्या वाचायच्या. त्या दिवशी मी ‘शिकागो’ वाचलं आणि मनात ते देवनागरीत उमटलं. शिका, गो. माझी आत्या वेंगुर्ल्याला प्राथमिक शाळेत बाई होती. परकर सावरत मागच्या बाकावर झोपणाऱ्या पोरींना ती याच शब्दांनी उठवायची. १९९६पासून चालू असलेल्या, खुनी नर्तकींच्या त्या खेळाच्या पाटीवर मला आत्या दिसली. घरी परतताना गाडीत तिकिटाच्या मागे लिहिलं: “कोकणातल्या बाई मुलींना काय सांगतात?”. ते माझं पहिलं कोडं.

मग लक्षात आलं की हेच नाव इंग्रजीत वेगळ्या ठिकाणी तुटतं. रोमन अक्षरांत पहिली चार म्हणजे ‘शिक’, अर्थात झोकदार, आणि उरलेली तीन म्हणजे ‘अगो’, अर्थात पूर्वी. कुणे एके काळी झोकात राहिलेली, ती शिकागो. नाव एक, पण लिपी बदलली की सांधा सरकतो. आमचा सगळा धंदा हा सांधा शोधण्याचा. फणस फोडणाऱ्याला जसं कळतं की सुरी कुठे घालायची, तसं नाव हातात घेऊन फिरवायचं.

रोमन लिपीत अक्षरं सुटे मणी असतात. ‘कॅट्स’ची सी, ए, टी, एस ही चार अक्षरं हलवली की ‘कास्ट’ होतं, म्हणजे नटसंच. पुन्हा हलवली की ‘ॲक्ट्स’, म्हणजे अंक. १९८२ ते २००० अशी अठरा वर्षं चाललेल्या मांजरांच्या पोटात अख्खं नाटक दडलेलं. आता देवनागरीत हलवून बघा. ‘ट्स’ हे जोडाक्षर जागचं हलत नाही. त्यामुळे मराठी कोड्यात मणी ओवून चालत नाही, कानावर भिस्त ठेवावी लागते. आणि कानाच्या खेळाला आपल्याकडे नावं केव्हाचीच आहेत. शाळेत अलंकार पाठ करताना कंटाळा यायचा तेच दोन: अभंग श्लेष आणि सभंग श्लेष. शब्द न फोडता दोन अर्थ निघाले तर अभंग, फोडून निघाले तर सभंग.

माझ्या वहीत दोन्हींचे रकाने आहेत. सभंगाच्या रकान्यात: “गवंडी हाक मारतो, ओ मात्र कुणी देत नाही.” ए, विटा! म्हणजे ‘एविटा’, अर्जेंटिनाच्या एवा पेरॉनवरचं १९७९ सालचं म्युझिकल. “आईचा भाऊ, बीबीचा नवरा.” मामा, मिया! इटालियनमध्ये त्या दोन शब्दांचा अर्थ ‘माझी आई’ असा होतो. आम्ही आईला सोडून तिच्या भावाकडे गेलो. अभंगाच्या रकान्यात माझं लाडकं: “हिच्यात नाटक होतं, हिने राज्यही केलं.” कंपनी. ‘नाटक कंपनी’ आणि ‘कंपनी सरकार’ हे शब्द ऐकत वाढलेल्या काकांना अर्धं मिनिटही लागलं नाही; तसं म्युझिकल खरंच आहे का, हे मात्र त्यांना पुतण्याला विचारावं लागलं.

आहे, आणि त्याच्यामागे एक गंमत आहे. ‘कंपनी’ १९७० सालचं, संगीत आणि गीतं स्टीफन सॉन्डहाइमची. ‘वेस्ट साइड स्टोरी’ची गीतं लिहिणारा हा माणूस कोड्यांचा वेडा होता. १९६८ साली ‘न्यूयॉर्क’ साप्ताहिक निघालं तेव्हा त्यात इंग्लंडच्या वळणाची गूढ शब्दकोडी तोच रचायचा. अमेरिकन वाचकाला सरळ अर्थाच्या कोड्यांची सवय. याने त्यांना शिकवलं की प्रत्येक सूत्रात एक टोक अर्थाचं असतं, दुसरं शब्दखेळाचं, आणि दोन्ही टोकं एकाच उत्तरावर यायला हवीत. पुढे ‘कंपनी’च्या कामासाठी त्याने कोडी सोडली आणि ती रिचर्ड मॉल्टबी ज्युनिअर यांच्याकडे गेली. तेही ब्रॉडवेचेच गीतकार. मला यात नवल वाटत नाही. गीत लिहिणाऱ्याला सुरांच्या ठरलेल्या घरांत शब्द बसवायचे असतात आणि कोडं रचणाऱ्याला चौकटीच्या. दोघांनाही शब्द आधी कानाने तोलावा लागतो.

काही नावं मात्र स्वतःच कोडी असतात. १९५६ सालच्या ‘माय फेअर लेडी’चं घ्या. लंडनच्या उच्चभ्रू वस्तीचं नाव मेफेअर, आणि कॉक्नी तोंडात ‘मे’चं होतं ‘माय’. मेफेअरची बाई असं नाटकातल्या फुलवालीने म्हटलं की ऐकू येतं ते हेच, असं जाणकार सांगतात. अख्खं नाटक उच्चारांवर आणि पाटीवरच उच्चाराची कोटी! शॉच्या ज्या ‘पिग्मॅलियन’वर ते बेतलं, त्याच्यावरूनच पुलंनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ रचली. या नावाच्या वाटेला मी जात नाही. आधीच फोडलेल्या नारळाला कशाला हात लावायचा?

आणि काही नावं हाती लागतात, पण लोकांच्या हाती देता येत नाहीत. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ १९८८ ते २०२३ चाललं. १३,९८१ प्रयोग, ब्रॉडवेवर सर्वांत जास्त. त्यावर माझं कोडं तयार होतं: “लहानपणी ओढायचो, पण धूर आला नाही.” गोळीसारख्या गोड, टोकाला लाल रंग लावलेल्या त्या फँटम सिगारेटी! सगळे पन्नाशीचे लोक खिदळले आणि सगळी मुलं आमच्याकडे गुन्हेगारांकडे बघावं तशी बघत राहिली. कोड्यात मुलांसाठी धरायला दांडीच नव्हती. काढून टाकलं.

ठेवण्याजोगं कोडं कसं असतं, ते एका आजींनी दाखवलं. कोडं होतं: “राजा आणि त्याची आई. आई गावाकडची. (चार शब्द)”. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या त्या आजी नातीशेजारी बसल्या होत्या. नात कुजबुजली, “आजी, गावाकडे आईला काय म्हणतात?”

“आमच्यात आय म्हणायचे. तुझे आजोबा म्हातारे झाले तरी आयच म्हणत.”

नात खुर्चीवरून उडाली. “द किंग अँड आय!”

“अगं, मी काय सांगितलं एवढं?” आजी बावरून इकडेतिकडे बघायला लागल्या. मी त्यांना सांगितलं, १९५१ सालचं नाटक, सयामच्या राजाचं. यूल ब्रिनर नावाच्या नटाने तो राजा ४,६२५ वेळा रंगवला. आजी क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “मग घरीसुद्धा हुकूमच सोडत असेल मेला.”

त्या कोड्याचा सांधा दोघींच्या मधोमध होता. नातीच्या शाळेने ते नाटक बसवलं होतं, पण तिला ‘आय’ माहीत नव्हती. आजींना ‘आय’ माहीत होती, पण नाटक नाही. एकीला दुसरीकडे वळून विचारावं लागलं. मुलं एरवी आमच्या मराठीकडे आणि आम्ही त्यांच्या गाण्यांकडे जरा वरूनच बघतो; त्या वीस मिनिटांत तसं करून चालत नाही. म्हणून आता कोडं रचलं की मी आधी तपासते: हे कुणाला एकट्याने सुटतं का? सुटत असेल तर वहीत राहू देते, मंडळात नेत नाही.

या कसोटीला सगळ्यात नीट उतरलेलं कोडं असं: “त्या पाण्याच्या बाटलीला नाक मुरडा. (एक शब्द)”. पोरांना ‘हॅमिल्टन’ तोंडपाठ. २०१५ पासून ते रॅप ऐकतच ती मोठी झाली. पण बाटली कसली, ते त्यांना कळेना. आयाबापांना मात्र शाळेच्या दप्तराला लटकणारी बाटली लगेच आठवली. हॅ! मिल्टन! एका मुलाने इंग्रजीतही फोड करून दाखवली: ‘हा’ आणि पुढे कवी मिल्टन. टाळ्या पडल्या. नाव फोडण्याची कमाल आपण केली, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात ठाण्याला गेले होते. आईने नवा डबा आणला होता, मिल्टनचाच. खोक्यावर बारीक अक्षरांत उत्पादकाचं नाव होतं: हॅमिल्टन हाऊसवेअर्स.