सातारा ते सांगली : वादी-प्रतिवादी एकाच डब्यात

गेल्या महिन्यात आम्ही साताऱ्याहून रेल्वेने सांगलीला गेलो. सोबत आमची फुफू होती आणि अमेरिकेहून सुट्टीवर आलेला भाचा. काम कोर्टाचे होते. आजोबांच्या मिरजेतल्या घरात आपला हिस्सा मिळावा म्हणून फुफूने दावा लावला होता. वादी ती, प्रतिवादी आम्ही भाऊ. तरी सकाळी उठून सगळ्यांसाठी पराठे तिनेच करून आणले होते.

साताऱ्याचे स्टेशन शहराबाहेर, माहुलीच्या बाजूला आहे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे माहुली हे रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा गादीवर बसलेल्या राघोबादादांनाच त्यांनी दोषी ठरवले आणि पद सोडून ते निघून गेले. भाच्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, "मामू, म्हणजे न्यायाधीशाला राजाची भीती नको. आमच्याकडे केंद्राच्या न्यायाधीशांना तहहयात नेमतात, ते याच साठी."

मग कोरेगाव, रहिमतपूर मागे पडेपर्यंत तोच बोलत राहिला. अमेरिकेत कोर्टांच्या दोन स्वतंत्र रांगा असतात. 50 राज्यांची आपापली कोर्टे आणि केंद्राची वेगळी. घरे, वारसा, तलाक, बहुतेक गुन्हे हे राज्याच्या कोर्टात चालते. केंद्राच्या कायद्याचे आणि राज्यघटनेचे प्रश्न केंद्राच्या कोर्टात जातात. सर्वांत वर नऊ न्यायमूर्तींचे सुप्रीम कोर्ट. कित्येक राज्यांत तर न्यायाधीश मते मागून निवडून येतात!

आपल्याकडे शिडी एकच आहे. तालुक्याचे दिवाणी न्यायालय, जिल्हा न्यायालय, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, पायऱ्या त्याच. सातारा-सांगलीकरांना हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आणि तो फेरा वाचला.

भाचा तिकडे एका फौजदारी खटल्यात ज्युरीत बसला होता. बारा साधी माणसे : कुणी ड्रायव्हर, कुणी शिक्षिका. बाराही जणांचे एकमत झाल्याशिवाय दोषी ठरवता येत नाही. त्याने विचारले, "आपल्याकडे ज्युरी नाही?" होती. 1959 च्या नानावटी खटल्यात ज्युरीने आरोपीला निर्दोष म्हटले, हायकोर्टाने ते फिरवले. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही.

कराड गेले, किर्लोस्करवाडी आली. इथून कुंडल जवळच. 1942 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने या भागात गावोगावी न्यायदान मंडळे चालवली. तेव्हा सांगली हे वेगळे संस्थान होते. सावकारी, गुंडगिरी, जमिनीचे तंटे गावासमोरच मिटवले जात. फुफू इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "गावासमोर बसवले असते, तर तुम्ही चार वर्षे तारखा घेतल्या असत्या का रे?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजी आजोबांच्या आधीच गेली होती. वारस दोनच, अब्बा आणि फुफू. मुलाचे दोन हिस्से, मुलीचा एक. म्हणजे घराचा तिसरा भाग फुफूचा. सूरह निसातला हा हिशोब आम्हाला लहानपणापासून पाठ होता. तरी "लेकी-बहिणी हक्क सोडतातच" म्हणून आम्ही तो हक्क दाबून बसलो होतो. कधी वकील आजारी, कधी कागद सापडत नाहीत.

सांगलीत त्या शनिवारी राष्ट्रीय लोक अदालत होती. पॅनलवरच्या न्यायाधीश बाईंनी फक्त एवढेच विचारले, "हिस्सा मान्य आहे ना? मग अडले कुठे?" आमच्या धाकट्या भावाने मान खाली घातली. अर्ध्या तासात तडजोड लिहिली गेली : रस्त्याकडच्या दोन खोल्या फुफूच्या, आणि हिशोबात कमी पडणारी रक्कम आम्ही दोन हप्त्यांत द्यायची.

वाचक भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. फुफूचा वकील असाच मिळालेला होता. हे आम्हाला त्या दिवशी कळले.

जोहरची नमाज पढून आम्ही मिरजेला गेलो. चार वर्षांत फुफू त्या घराची पायरी चढली नव्हती. आम्ही किल्ली पुढे केली. तिने कुलूप उघडले, आत पाहिले आणि म्हणाली, "झाडू कुठे आहे?"